एकट्याची शपथ आणि चौघांची बैठक



लव्हाळा ज्याच्या रानात एकदा शिरला, त्याला लव्हाळ्याचा स्वभाव सांगावा लागत नाही. खुरपून काढला की दोन दिवस रान स्वच्छ दिसते, आणि आठवडा उलटला की पुन्हा हिरवी टोके वर येतात. पाला वर असतो, पण गाठी जमिनीत असतात. म्हणून आम्ही शेतीखात्यातली माणसे सांगत असतो, की लव्हाळा हे एका खुरपणीचे काम नव्हे. पाळीवर पाळी घालावी लागते, गाठी वेचाव्या लागतात, आणि रान स्वच्छ दिसू लागले तरी नजर हटवून चालत नाही.

दारूचेही असेच आहे. आपल्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांत दारू सुटलेली आहे. एकदा नव्हे, चार-पाच वेळा सुटलेली आहे. कुणी देवळात शपथ घेतली, कुणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवला, कुणी आषाढीला माळ घातली. महिना-दोन महिने बरे गेले. मग उसाचे बिल आले, नाहीतर कापसाचा चुकारा झाला, भावकीत लग्न निघाले, आणि गाडी पुन्हा जुन्या चाकोरीला लागली. घरचे म्हणाले, "याच्या शपथेत राम नाही." मला वाटते, बहुतेकांची शपथ घेताना खरीच असते. ती एकट्याची असते, म्हणून टिकत नाही.

दारू सोडलेली माणसे आठवड्यातून एकदा-दोनदा एकत्र बसतात आणि एकमेकांच्या आधाराने आजचा दिवस कोरडा काढतात. अशा बैठका आपल्या राज्यात अनेक ठिकाणी चालतात. त्यांना पैसा लागत नाही की चिठ्ठी लागत नाही. तरीही खेड्यातल्या माणसाला त्यांचा पत्ता नसतो, आणि पत्ता असला तरी पाऊल उचलत नाही. त्या बैठकीचा पत्ता कसा काढावा, तिथे काय चालते आणि घरच्यांनी काय करावे, हे आज सांगायचे आहे.

हट्ट नव्हे, आजार

दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला आपण नादी म्हणतो, बेवडा म्हणतो, घरबुडव्या म्हणतो. वैद्यकशास्त्र त्याला आजारी म्हणते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या शरीराला आणि मेंदूला दारूची सवय जडते. ती मिळाली नाही की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, जीव कासावीस होतो. सुरुवातीला तो मजेसाठी पितो. पुढे ही तगमग थांबावी म्हणून पितो. सकाळी तोंड धुण्याआधी ज्याला घोट लागतो, तो हौसेने पीत नसतो.

असे लोक किती आहेत? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून देशभर पाहणी करून घेतली. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. दारूपायी मदतीची गरज असलेली माणसे देशात सुमारे ५ कोटी ७० लाख आहेत, असे त्यात दिसून आले. त्यांपैकी सुमारे २ कोटी ९० लाख पूर्णपणे दारूच्या आहारी गेलेली. आणि या आहारी गेलेल्यांपैकी दर ३८ माणसांत एकालाच काही ना काही उपचार मिळाला होता. कपाशीवर बोंडअळी आली आणि ३८ शेतकऱ्यांपैकी एकानेच औषध आणले, तर त्या गावाचे काय होईल? दारूच्या बाबतीत आपले तसेच चालले आहे.

थोडा हिशेबही करू. रोजचे दीडशे रुपये धरले तरी वर्षाचे ५४,७५० रुपये होतात. हा केवळ बाटलीचा खर्च. चुकलेली पाळी, उशिरा दिलेले पाणी, मोडलेली मजुरी, नशेत कवडीमोलाने विकलेला माल आणि दवाखाना यांचा हिशेब वहीत कधी येत नाही.

ही बैठक सुरू कशी झाली

या बैठकांची हकीकत १९३५ सालची आणि अमेरिकेतली आहे. न्यूयॉर्कला शेअरबाजारात काम करणारे बिल विल्सन नावाचे गृहस्थ होते. दारूने त्यांचा धंदा बुडवला होता आणि अनेकदा इस्पितळ दाखवले होते. काही महिन्यांपूर्वी त्यांनी पिणे थांबवले होते. धंद्याच्या कामासाठी ते ओहायो राज्यातील ॲक्रन या गावी गेले, आणि ते काम फिसकटले. परका गाव, खिशात पैसा नाही, मनात निराशा, आणि हॉटेलात समोरच दारूची बैठक भरलेली. आपला तोल जातो आहे हे त्यांनी ओळखले. आपल्याला आता कुणीतरी दारुडाच भेटायला हवा, त्याच्याशी बोललो तरच आपण तगू, असे त्यांना वाटले. त्यांनी गावातील चर्चमध्ये फोन लावायला सुरुवात केली. एकातून दुसरा धागा निघाला आणि मे महिन्यात त्यांची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यवैद्याशी पडली. हे डॉक्टरही दारूने पार पोखरले होते.

डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर भेटायला आले आणि कित्येक तास बोलत बसले. याचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांना आजवर उपदेश पुष्कळांनी केला होता. हा माणूस मात्र उपदेश करीत नव्हता. स्वतःची गत सांगत होता आणि स्वतःला वाचवण्यासाठी आला होता. मध्ये डॉक्टरांचा तोल एकदा गेला. त्यानंतर १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस या चळवळीचा आरंभ मानला जातो. तिचे नाव अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, थोडक्यात ए.ए. म्हणजे आपले पूर्ण नाव जाहीर न करता एकत्र येणाऱ्या मद्यपींचे मंडळ. १९५७ सालापासून ते भारतात आहे. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर आणि गोव्यात त्याच्या बैठका चालतात. काही लहान शहरांतूनही चालतात. मराठीतून बोलणारे गट आहेत आणि त्यांची पुस्तकेही मराठीत मिळतात.

आपल्या महाराष्ट्रात दुसरे मोठे नाव पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला पहिला आर्थिक हात दिला. तिथे माणसाला काही आठवडे ठेवून उपचार करतातच, पण घरी गेल्यावरही पुन्हा भेटीला बोलावतात. उपचार संपला तरी पाठपुरावा संपत नाही, ही तिथली शिकवण.

बैठकीत काय चालते

पुष्कळांना वाटते की तिथे भाषण असेल, शपथविधी असेल, नाहीतर कुणी साहेब बसून झाडाझडती घेत असेल. तसे काही नसते. शाळेची, चर्चची किंवा दवाखान्याची एखादी खोली असते. दहा-पंधरा माणसे बसलेली असतात. बैठक तास-दीड तास चालते. सुरुवातीला एकजण पुस्तकातला थोडा भाग वाचतो. मग ज्याला बोलायचे तो आपले पहिले नाव सांगतो, मी मद्यपी आहे असे म्हणतो, आणि आपल्यावर काय गुदरले, दारू कशी थांबली आणि आता कसे चालले आहे ते सांगतो. तो बोलत असताना मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. ज्याला बोलायचे नाही तो नुसता ऐकून घरी जाऊ शकतो.

नावनोंदणीचे रजिस्टर नसते. फी नसते. शेवटी एक पिशवी फिरते. सभासद मनाला येईल तेवढे टाकतात, न टाकले तरी कुणी विचारत नाही. त्यातून चहा आणि खोलीचे भाडे निघते. बाहेरच्या माणसाची देणगी ते घेत नाहीत. सभासद होण्यासाठी एकच अट आहे: दारू थांबवण्याची इच्छा हवी. जात, धर्म, पक्ष, शिक्षण काही विचारत नाहीत. बारा पायऱ्यांचा एक क्रम ते सांगतात. आपले दारूपुढे चालत नाही हे कबूल करणे ही पहिली पायरी. पुढे आपल्या चुकांचा हिशेब करणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे, आणि शेवटी दुसऱ्या मद्यपीला हात देणे. त्यांत देवाचा उल्लेख येतो, पण देव ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे मानावा, अशी मोकळीक आहे.

आणि मुख्य गोष्ट अशी, की "जन्मभर पिणार नाही" असे तिथे कुणी वदवून घेत नाही. फक्त आजचा दिवस प्यायची नाही. उद्याचे उद्या. जन्मभराचे ओझे डोक्यावर घेतले की माणूस पहिल्याच चढाला बसकण मारतो. एका दिवसाचे ओझे कुणीही उचलतो.

याचा उपयोग होतो का, असे तुम्ही विचाराल. विचारायलाच हवे, नव्या बियाण्यालाही आपण चाचणी प्लॉट बघितल्याशिवाय हात लावत नाही. २०२० साली कॉक्रेन या नामांकित वैद्यकीय संस्थेने २७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत दहा हजारांवर माणसे होती. रुग्णांना पद्धतशीरपणे या बैठकांशी जोडून दिले, तर दारूपासून पूर्णपणे दूर राहण्याच्या बाबतीत त्यांची प्रगती इतर मान्य समुपदेशनाइतकी, आणि बरेचदा त्याहून सरस दिसली.

एका कांदेवाल्याची हकीकत

आमच्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. त्याने परवानगी दिली ती नाव-गाव न सांगण्याच्या बोलीवर. चार एकर बागायत, विहिरीला पाणी, हात कामसू. दारू मात्र दहा-बारा वर्षांची, आणि दोनदा माळ घालून उतरवलेली. त्याची पत्नी एकदा पीककर्जाचा कागद दाखवायला पंचायत समितीत आली. कागद पाहून झाला तरी उठेना. मग म्हणाली, "साहेब, तुम्ही कांद्याचा रोग बघता. आमच्या घरातला रोग कुणाला दाखवू?"

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याला आधी दाखवले. तिथे काही दिवस ठेवून अंगाची थरथर उतरवली. सुटी देताना तिथल्या समाजसेवकाने बैठकीचा पत्ता दिला: तालुक्याचे गाव, एका शाळेची खोली, दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता.

गावापासून बावीस किलोमीटर. जायला एसटी होती, परतीची शेवटची गाडी मात्र साडेसातला सुटायची. त्यात त्याचे मन घेईना. "मी काय तसला बेवडा हाय का, साहेब? आन् कुनी वळखीचं भेटलं तर?" मी म्हटले, "ओळखीचा भेटला तर तोही त्याच कामाला आलेला असेल. तुम्ही कुणाचे नाव घेणार नाही, तो तुमचे घेणार नाही." पहिल्या गुरुवारी मी बरोबर गेलो. त्या दिवशीची बैठक खुली होती, म्हणून माझ्यासारख्या बाहेरच्याला बसता आले.

तो दारापाशी बसला, मान खाली घालून. एक शिक्षक बोलला, एक ट्रकचालक बोलला. मग एक गवंडी उठला. बाटली कडब्याच्या गंजीत कशी दडवायचा, बायकोने गंज उपसली तेव्हा तिच्यावरच कसा धावून गेला, आणि पोरीने ते कसे पाहिले, हे त्याने सांगितले. आमच्या माणसाने मान वर केली ती बैठक संपेपर्यंत खाली घातली नाही. बाहेर आल्यावर चहाचा पेला हातात धरून तो मला म्हणाला, "साहेब, त्यो गवंडी माझं सांगत हुता का त्याचं?"

परतीची अडचण बैठकीतल्याच एका दुकानदाराने सोडवली. तो त्याच रस्त्याला राहणारा. दर गुरुवारी मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडू लागला. फाट्यावर मुलगा न्यायला यायचा.

खरी परीक्षा वैशाखात आली. उन्हाळ कांदा विकला, पट्टी झाली, रोख रक्कम हातात पडली, आणि बाजार समितीच्या फाटकाशी जुनी मंडळी उभी. वर्षानुवर्षे पट्टीचा पहिला तोडा तिथेच पडत होता. त्याने दुकानदाराला फोन लावला. दुकानदार म्हणाला, "आडत्याच्या ओट्यावरून हलू नकोस. चहा घे. मी निघालो." अर्ध्या तासात तो दुकान पोरावर टाकून आला आणि याला घेऊन गेला. त्या संध्याकाळी वहिनींनी पट्टी समोर ठेवून पैसे मोजले. मांडलेला आकडा आणि हातातले पैसे जुळण्याची त्या घरातली ती पहिली वेळ, असे त्यांनीच मला सांगितले.

पुढच्या वर्षीच्या पोळ्याला भावकीच्या पंगतीत त्याचा तोल गेला. चार दिवस प्यायला. गुरुवारी जायला तोंड होत नव्हते, पण गेला, आणि उभे राहून म्हणाला, "आज माझा पुन्हा पहिला दिस हाय." कुणी रागावले नाही, कुणी हसले नाही. शेजारच्याने जागा करून दिली. तेव्हापासून तिसरे वर्ष चालू आहे, आणि गुरुवार चुकलेला नाही. आता रात्री-अपरात्री दुसऱ्यांचे फोन त्याच्याकडे येतात.

पत्ता कसा काढावा

पहिला मार्ग फोनचा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत मदतवाहिनी आहे. मनाच्या आजारांसाठी टेलिमानस ही दुसरी सेवा आहे, तिचा क्रमांक १४४१६. ती २०२२ साली सुरू झाली. या क्रमांकांवर आपला जिल्हा आणि तालुका सांगून जवळचे केंद्र विचारावे. दुसरा मार्ग जिल्हा रुग्णालयाचा. तिथल्या मानसोपचार विभागातील डॉक्टर किंवा समाजसेवक यांना बैठकांची माहिती असण्याचा संभव असतो. तिसरा मार्ग जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राचा. तिथे भरती व्हायचे नसले, तरी बैठकीचा पत्ता विचारायला हरकत नाही. आपल्या गावची आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांनाही विचारावे.

पत्ता मिळाला की चार गोष्टी विचारून घ्याव्यात. बैठक कोणत्या वारी, किती वाजता? भाषा कोणती? खुली आहे की बंद? खुल्या बैठकीला घरचे माणूस बरोबर बसू शकते; बंद बैठक फक्त मद्यपींसाठी असते. आणि त्या गटातल्या कुणाशी आधी फोनवर बोलता येईल का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. दारात ओळखीचा आवाज भेटला की पाऊल आत पडते. मग एसटीचे वेळापत्रक बघावे, आणि परतीची सोय आधी ठरवावी. परतीची सोय नसली की दुसऱ्या आठवड्याला निमित्त तयारच असते.

जवळ बैठकच नसेल तर? २०२० सालच्या साथीत बैठका बंद पडल्या, तेव्हा पुष्कळ गट मोबाईलवरून बसू लागले. त्यांतले काही आजही तसे बसतात. घरात गडबड असेल तर मळ्यातल्या शेडमध्ये बसून ऐकता येते. पण जमेल तेव्हा प्रत्यक्ष जावे. माणसाच्या शेजारी माणूस बसण्यात जे आहे, ते यंत्रात नाही.

एका बैठकीवरून मत करू नये. पहिल्या दिवशी सगळेच परके वाटते. एक गट रुचला नाही तर दुसरा बघावा. सुरुवातीचे तीन महिने जितक्या बैठका जमतील तितक्या कराव्यात. उगवणीच्या काळात पाणी तुटू देऊ नये, तसेच हे.

आधी डॉक्टर, मग बैठक

रोज भरपूर पिणाऱ्याने अंगच्या जोरावर एकदम दारू तोडणे धोक्याचे असते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी माणूस भ्रमिष्टासारखा बरळू लागतो, नसलेले किडे-साप त्याला दिसतात, ताप चढतो, आणि यात जीवही जातो. म्हणून सकाळी हात थरथरणाऱ्या, पूर्वी फिट आलेल्या किंवा कावीळ झालेल्या माणसाने दारू थांबवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. त्यावर चांगली औषधे आहेत. बैठक हा डॉक्टरला पर्याय नव्हे, आणि डॉक्टर हा बैठकीला पर्याय नव्हे.

माझ्या भगिनींना एक कळकळीची सूचना. "न कळत जेवणात मिसळा, दारू सुटेल" अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. असे कधीही करू नका. दारूवर एक औषध असे आहे, की ते पोटात असताना वर दारू घेतली तर उलट्या होतात, छातीत धडधडते, रक्तदाब उतरतो आणि प्रसंगी माणूस दगावतो. ते घ्यायचे तर त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

दुसरी सूचना शेतीखात्याचा माणूस म्हणून. फवारणीची औषधे घरात, हाताशी ठेवू नका. नशेत किंवा नशा उतरताना मन फार काळे होते, आणि त्या घटकेला डबा हाताशी असला तर एका क्षणात घर उजाडते. औषधे कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे असू द्या.

घरच्यांचीही बैठक असते

दारू एकजण पितो, पण नशा घरभर चढते. बायको रात्रभर दाराकडे कान लावून असते. मुले वडिलांच्या पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार ते ओळखतात. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी हे जाणले, आणि १९५१ साली घरच्या माणसांसाठी अल-ॲनॉन नावाचे वेगळे मंडळ उभे राहिले. आपल्याकडे मोठ्या शहरांत त्याचे गट आहेत. मुक्तांगणात व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो. नवरा बैठकीला गेला नाही तरी बायको आपल्या बैठकीला जाऊ शकते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

घरच्यांनी काय करावे? तो शुद्धीत असताना बोलावे, नशेत वाद घालू नये. त्याची उधारी भरू नये, त्याच्या गैरहजेरीसाठी खोटे बोलू नये. आपण पांघरूण घालतो तोवर त्याला थंडी कळत नाही. बैठकीच्या दिवशी त्याला मळ्याच्या कामातून मोकळे करावे आणि परत आल्यावर "काय झाले?" म्हणून उलटतपासणी घेऊ नये. तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे असते. पुन्हा घसरला तर "म्हटले नव्हते का?" असे न म्हणता पुढची बैठक कधी आहे तेवढे विचारावे.

मात्र सोसणे म्हणजे मार खाणे नव्हे. तो हात उगारत असेल तर मुलांना घेऊन सुरक्षित जागी जावे, ११२ क्रमांकावर पोलिसांना बोलवावे. २००५ सालचा घरगुती हिंसाचाराचा कायदा याचसाठी आहे. आजार हे मारहाणीचे निमित्त होऊ शकत नाही.

माळ घातली असेल तर?

कुणी विचारतात, "आम्ही वारकरी. आमची माळ असताना ही परदेशी बैठक कशाला?" मी म्हणतो, माळ घालून ज्यांची दारू कायमची सुटली ते जरा आठवून बघा. त्यांनी नुसती माळ घातली नाही. ते भजनाला जाऊ लागले, एकादशी धरू लागले, दिंडीत चालू लागले. त्यांची संगत बदलली. आणि ज्यांनी माळ घालून पुन्हा पारावरची जुनी जागा धरली, त्यांची माळ खुंटीला लागली. म्हणजे संगतीचा गुण आपल्या वाडवडिलांना ठाऊकच होता. बैठकीत एवढेच जास्त असते, की तिथला प्रत्येकजण त्याच चिखलातून वर आलेला असतो, आणि मनातले जे टाळकऱ्यापुढे बोलवत नाही ते तिथे बोलता येते. एकादशीला भजन आणि गुरुवारी बैठक, यांत काहीच भांडण नाही.

शेवटी एक सांगतो. अशी बैठक सुरू करायला इमारत लागत नाही, ठराव लागत नाही. दारू सोडू इच्छिणारी दोन-तीन माणसे त्या कारणासाठी एकत्र बसली, की त्यांना स्वतःला गट म्हणवता येते, असा त्या मंडळाचाच नियम आहे. ग्रामपंचायतीने आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेची खोली उघडून दिली आणि दाराशी कोण आले ते बघायला कुणी उभे राहिले नाही, तर गावावर मोठे उपकार होतील.

ध्यानात ठेवा

१. हात थरथरत असतील तर आधी डॉक्टर. एकदम तोडू नका.
२. मदतवाहिनी १४४४६, टेलिमानस १४४१६.
३. वार, वेळ, भाषा, खुली की बंद, हे विचारा आणि परतीची सोय आधी ठरवा.
४. पहिल्या दिवशी नुसते ऐका. बोलण्याची सक्ती नाही, पैसे लागत नाहीत.
५. गटातल्या दोघांचे फोन नंबर जवळ ठेवा. पट्टी, बिल, चुकारा, पोळा, जत्रा, लग्न, निवडणूक या दिवशी आधीच फोन करा.
६. घसरलात तर लपून बसू नका. पुढची बैठक चुकवू नका.
७. फवारणीची औषधे कुलपात ठेवा.
८. घरच्यांनी स्वतःसाठीही आधार शोधावा.

हा अंक घरात वाचून झाला की फेकू नका. वरचे दोन क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानावर लिहून ठेवा. ज्याच्यासाठी लिहिले त्याला लगेच सांगू नका. त्याची नजर त्यावर जाईल असे बघा. एखाद्या सकाळी, डोके जड आणि मन हलके असताना, तो स्वतःच विचारील, "हा नंबर कशाचा?" तेव्हा हातातले काम बाजूला ठेवा आणि त्याच्याजवळ बसा.